वृद्ध नायकाचें पुनरागमन

चित्रपटांच्या जगांत एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. लोकांनीं डोक्यावर घेतलेली एखादी साहसकथा बरींच वर्षें पडून राहते. पुढें केव्हां तरी निर्मात्याला ती पुन्हां उभी करावीशी वाटते, आणि जुन्या नटावांचून तर ती उभी राहत नाहीं. मधल्या काळांत तो नट म्हातारा झालेला असतो. अशा वेळीं काय करावें? नट बदलावा, त्याचें वय झांकावें, कीं तें वयच कथेंत घ्यावें? या प्रश्नाचा विचार आज एका उदाहरणाच्या आधारानें करावयाचा आहे. तें उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील 'इंडियाना जोन्स' ही चित्रपटमाला. १९८१ सालीं सुरू झालेल्या या मालेचा पांचवा भाग २०२३ सालच्या जूनअखेर प्रसिद्ध झाला, तेव्हां तिचे नायक हॅरिसन फोर्ड यांचें एक्याऐंशीवें वर्ष संपत आलें होतें.

ज्यांनीं ही माला पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. जोन्स हा पुराणवस्तुशास्त्राचा प्राध्यापक. वर्गांत तो चष्मा लावून शिकवितो, आणि वर्गाबाहेर पडला कीं डोक्यावर हॅट व हातांत चाबूक घेऊन प्राचीन वस्तूंच्या शोधार्थ देशोदेशीं हिंडतो. १९३०-४० च्या सुमारास अमेरिकेंत आठवड्याला एक भाग याप्रमाणें मारधाडीचे बोलपट दाखविले जात. त्यांवरून जॉर्ज ल्यूकस यांना ही कल्पना सुचली, आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं पहिल्या चार चित्रपटांचें दिग्दर्शन केलें. १९८४ चा दुसरा भाग हिंदुस्थानांत घडतो. आपल्या सरकारची परवानगी न मिळाल्यामुळें त्याचें चित्रण श्रीलंकेंत झालें, आणि त्यांतील खलनायकाची भूमिका अमरीश पुरी यांनीं केली. त्या चित्रपटांतला हिंदुस्थान आपल्यापैकीं कोणाला ओळखूं येणार नाहीं, ही गोष्ट निराळी. असो.

त्या जुन्या भागपटांतील वीर कड्यावरून कोसळला तरी पुढच्या आठवड्यांत कपड्यांची घडी न मोडतां उभा असे. जोन्सचें तसें नाहीं. तो मार खातो, सापाला भितो आणि दमतो. पहिल्याच चित्रपटांत आगबोटीवरचा एक प्रसंग आहे. नायकाचा सांधा न् सांधा ठणकत असतो, आणि न दुखणारी जागा तरी कोठें आहे असें त्याची सखी मॅरियन त्याला त्राग्यानें विचारते. त्या वेळीं फोर्ड यांनीं चाळिशीहि गांठली नव्हती. पडद्यामागेंहि तोच प्रकार. दुसऱ्या भागाच्या वेळीं ऐन चाळिशींत त्यांच्या पाठीच्या मणक्यांतील चकती सरकली, आणि उपचारांसाठीं काम अर्धवट टाकून त्यांना अमेरिकेस परतावें लागलें. पांचव्या भागाच्या वेळीं, २०२१ सालीं, खांद्याला दुखापत होऊन त्यांना पुन्हां कित्येक आठवडे दूर राहावें लागलें. देह दगा देतो तो म्हातारपणींच, असें नव्हे. ज्या नायकाला पहिल्यापासून वेदना आहे, त्याला वार्धक्य परकें वाटण्याचें कारण नाहीं.

१९८९ च्या तिसऱ्या भागांत जोन्सचे वडील आले. ती भूमिका शॉन कॉनरी यांनीं केली. ते फोर्ड यांच्याहून अवघे बारा वर्षांनीं मोठे. पण त्यांच्यापुढें साऱ्या जगाला भारी असलेला जोन्स क्षणांत धाकटा पोर होऊन जातो. वय हें आंकड्यांपेक्षां नात्यांत अधिक असतें, हें त्या चित्रपटानें फार सुंदर रीतीनें दाखविलें. त्यानंतर एकोणीस वर्षें माला थांबली. २००८ सालीं चौथा भाग आला तेव्हां कर्त्यांनीं एक शहाणपणाची गोष्ट केली. तिसऱ्या भागाची कथा १९३८ सालांतली होती, चौथ्याची १९५७ सालांत नेली. म्हणजे नटाचीं जितकीं वर्षें गेलीं तितकींच नायकाचीं. मधल्या काळांत जोन्सचे वडील वारले. त्याच्या ध्यानींमनीं नसलेला तरुण मुलगा समोर आला, आणि अखेरीस मॅरियनशीं त्याचें लग्न लागलें. त्या चित्रपटाच्या कथानकावर पुष्कळ टीका झाली आणि ती अगदींच अनाठायीं नव्हती. परंतु वयाच्या बाबतींत त्यानें प्रेक्षकांशीं लबाडी केली नाहीं.

पांचवा भाग जेम्स मॅन्गोल्ड यांनीं दिग्दर्शित केला, आणि त्यांत मात्र दोन्ही वाटा एकाच चित्रपटांत दिसतात. आरंभीं १९४४ सालचा एक दीर्घ प्रसंग आहे. त्यासाठीं संगणकाच्या साह्यानें, जुन्या चित्रपटांतील चेहरा आधाराला घेऊन, ऐंशीच्या घरांतील फोर्ड यांना चाळिशीचें तोंड चढविलें आहे. कारागिरी थक्क करणारी आहे, यांत शंका नाहीं. तरी पाहतां पाहतां मन साशंक होतें. कारण चेहरा तरुण, पण स्वर म्हाताऱ्याचा. सुरकुती पुसतां येते, आवाजांत मुरलेलीं वर्षें तशींच राहतात.

मग कथा १९६९ सालांत येते. चंद्रावर जाऊन आलेल्या वीरांची मिरवणूक न्यूयॉर्कमध्यें निघाली आहे, आणि त्याच सुमारास प्राध्यापक जोन्स सेवानिवृत्त होत आहेत. वर्गांत मुलांचें लक्ष नाहीं. सहकारी निरोपादाखल एक घड्याळ देतात, आणि तेंहि तो रस्त्यांत कोणाला तरी देऊन टाकतो. मुलगा युद्धांत कामास आला आहे, पत्नी दुरावली आहे. आयुष्यभर शिकविण्याचेंच काम केल्यामुळें मला हा भाग साऱ्या धांवपळीपेक्षां अधिक खरा वाटला. ज्या दिवशीं घंटेची आपल्याला गरज राहत नाहीं, त्या दिवशीं हातांत घड्याळ देण्याची चाल कोणीं काढली कोण जाणे! शेवटीं जोन्स प्राचीन सिराक्यूजच्या वेढ्यांत आर्किमिडीजसमोर जाऊन पोंचतो आणि तेथेंच राहूं द्या म्हणतो. ज्याला वर्तमानांत जागा उरली नाहीं त्याला भूतकाळांत राहावेंसें वाटावें, हें स्वाभाविक आहे. पण त्याची मानलेली मुलगी त्याला बळेंच परत आणते. घरीं मॅरियन येते, आणि आगबोटीवरचा तो जुना प्रश्न या वेळीं तो तिला विचारतो. बेचाळीस वर्षांपूर्वीं थट्टेचा विषय असलेलें दुखणें आतां दोघांचें झालेलें असतें. एवढ्या एका प्रसंगासाठीं वृद्ध नटाला परत आणणें सार्थ झालें, असें मी म्हणतों.

व्यवहाराच्या दृष्टीनें हा चित्रपट बुडाला. पहिल्या भागाला सुमारें दोन कोटि डॉलर खर्च आला होता. पांचव्याला तीस कोटींच्या जवळपास. जगभर तिकिटांचे मिळाले सुमारें अडतीस कोटि, आणि त्यांतला मोठा वांटा चित्रगृहांचा. मधल्या काळांत डॉलर स्वस्त झाला हें खरें. तरीहि हिशेब जुळत नाहीं. म्हाताऱ्या नायकाला कोण पाहणार, असा निष्कर्ष कित्येकांनीं काढला. तो मला पटत नाहीं. पासष्टीच्या फोर्ड यांना २००८ सालीं लोकांनीं पाहिलें होतें, आणि तेव्हां सुमारें एकोणऐंशी कोटि डॉलर जमले होते.

हा प्रश्न कांहीं आजचा नाहीं. मूकपटांच्या काळांत डग्लस फेअरबँक्स हा साहसी नायकांचा शिरोमणि होता. १९२१ सालीं त्यानें 'थ्री मस्केटिअर्स'मध्यें डार्टान्यांची भूमिका केली. आठ वर्षांनीं 'द आयर्न मास्क'मध्यें तोच वीर वय झालेला दाखविला, आणि चौघेहि मित्र अखेरीस मरण पावतात असा शेवट केला. १९३४ सालीं, एक्कावन्नाव्या वर्षीं, त्याचा अखेरचा चित्रपट आला. त्यांत लोक डॉन ह्वानला मेला असें समजतात, आणि तो स्वतः पुढें येऊन 'मीच तो' म्हणतो तेव्हां कोणी विश्वास ठेवीत नाहीं! नटानें स्वतःच्या वार्धक्याकडे इतक्या मोकळेपणानें पाहिल्याचीं उदाहरणें थोडीं.

मुंबईच्या वाडिया बंधूंना याच फेअरबँक्सच्या चित्रपटांचें मोठें वेड होतें. त्यांच्या 'हंटरवाली'नें १९३५ सालीं, म्हणजे जोन्सच्या आधीं शेहेचाळीस वर्षें, पडद्यावर चाबूक गाजविला. १९४३ सालीं 'हंटरवालीकी बेटी' आली. त्याच नादियानें १९६८ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, होमी वाडिया यांच्याच 'खिलाडी' चित्रपटांत पुन्हां साहसाची भूमिका केली. तेव्हां तरुण चेहरा चढविणारें यंत्र नव्हतें. जें होतें तें घेऊनच ती प्रेक्षकांपुढें उभी राहिली.

आपल्या महाभारतकारांनीं तर याचा निकाल केव्हांच लावून ठेवला आहे. मौसलपर्वांत द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर वाटेंत लुटारू तुटून पडतात. गांडीवाला दोरी चढवितांना त्याला कष्ट पडतात, बाण संपतात, अस्त्रें आठवत नाहींत. कुरुक्षेत्र जिंकणारा वीर त्या फाटक्या टोळीपुढें हतबल होतो. व्यासांनीं हा प्रसंग झांकला नाहीं, म्हणून अर्जुनाची थोरवी कमी झाली काय? उलट त्यामुळेंच तो आपल्याला माणूस वाटतो.

श्रोतेहो, यंत्राची शक्ति वाढतच जाणार आहे. उद्यां कोणत्याहि नटाला वाटेल त्या वयाचा करून दाखवितां येईल, मेलेल्यालाहि पडद्यावर चालवितां येईल. त्या वेळीं निवड करावी लागेल ती प्रेक्षकांनाच. जुना नायक परत येतो तेव्हां आपण मागूं नये त्याचें तारुण्य; तें जुन्या चित्रपटांत सुरक्षित आहे, हवें तेव्हां पाहावें. त्याच्याकडून मागावी ती त्यानंतरची हकीकत. घरांतील वडील माणसांचेंहि असेंच आहे. 'तुम्ही अजून तरुणच दिसतां' अशी खोटी स्तुति त्यांना नको असते, आणि कोपऱ्यांतली खुर्चीहि नको असते. वयाला शोभेल असें एखादें काम आणि तें करतांना पाहणारे चार डोळे, एवढें मिळालें म्हणजे पुरे.