विंचवाची नांगी असलेले शब्द
मुंबईतल्या काळाचौकीहून परळची बीआयटी चाळ जवळच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत. त्यांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ हे चित्रकादंबरीचं पुस्तक २०११ साली आलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. कॉमिकसारख्या चौकटी इथं नाहीत. गोंडांच्या घरांच्या भिंतींवर काढतात त्या दिग्ना नक्षीनं पानं विभागली आहेत. आणि संवाद तर पाहाच! मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात, विषारी शब्दांना विंचवाची नांगी, मनातल्या विचाराला डोळा. ग्रंथालयात हे पुस्तक हाती आलं, तर आधी नुसत्या रेषा पाहा, मग मजकूर वाचा. मुलं सोबत असतील तर पान त्यांनाच उलटू द्या.