तासांच्या बोलीनें जागा

रिकामी जागा हा मोठा विलक्षण माल आहे. धान्य आज खपलें नाहीं तर कोठारांत राहतें, कापड पेटींत राहतें. परंतु एखाद्या सभागृहाची सोमवारची रिकामी सकाळ मंगळवारीं विकतां येत नाहीं. ती गेली ती गेलीच. कर आणि दिवाबत्तीचा खर्च मात्र मालकाच्या माथीं बसावयाचा तो बसतोच. उलट, त्याच शहरांत दहा माणसांच्या बैठकीसाठीं दोन तासांपुरती बरी खोली शोधीत कोणी तरी हिंडत असतो. या दोघांची गांठ घालून देणें, हाच इंटरनेटवरील जागांच्या बाजारांचा मूळ उद्योग.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदींच नवी नाहीं. मंगल कार्यालयें दिवसाच्या हिशेबानें, नाट्यगृहें सत्राच्या हिशेबानें आणि शाळांचीं सभागृहें सुटीच्या दिवशीं भाड्यानें मिळत आलीं आहेत. मात्र तेथें जातीनें जावें लागे, वहींत तारीख पाहावी लागे, आणि दर पुष्कळदां ओळखीवर ठरे. नव्या बाजारांत छायाचित्रें, तासाचा दर, मोकळ्या वेळा आणि आधींच्या भाडेकरूंचे अभिप्राय उघडे मांडलेले असतात. पैसे मध्यस्थ घेतो आणि आपला हिस्सा कापून उरलेले जागेच्या मालकाला देतो. या मालकाला तेथें ‘यजमान’ म्हणतात! तासागणिक पैसे मोजून घेणारा यजमान आपल्या जुन्या पंक्तींत कोणी पाहिला नसेल.

या व्यवहाराची वाट प्रथम राहत्या घरांनीं मोकळी केली. २००७ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत एक परिषद भरली असतां दोघा तरुणांनीं आपल्या बिऱ्हाडांत हवेच्या गाद्या घालून पाहुणे ठेवले. त्यांतून पुढें ‘एअरबीएनबी’ उभी राहिली. त्याच शहरांत २०१४ सालीं ‘पीअरस्पेस’ निघाली. तिच्याकडे रात्रीचा मुक्काम नाहीं. बैठक, चित्रीकरण किंवा समारंभ यांसाठीं तासांवर जागा मिळते. चित्रकाराची कार्यशाळा, जुनें गोदाम, इमारतीची गच्ची, असें कांहींही तींत येऊं शकतें.

मध्यस्थानें स्वतः जागा बाळगावी कीं नाहीं, हा या धंद्यांतील खरा कळीचा प्रश्न. मॉन्ट्रियल येथें २०१२ सालीं निघालेल्या ‘ब्रीदर’नें जागा स्वतः दीर्घ मुदतीच्या करारानें घेतल्या, नीटनेटक्या सजविल्या आणि थोड्या वेळाकरितां पुन्हा भाड्यानें दिल्या. मालाचा दर्जा हातीं राहिला, हें खरें. पण २०२० सालीं महामारीनें बैठकाच बंद पाडल्या. भाडेकरू घरीं बसला, करार कांहीं घरीं बसले नाहींत. त्या वर्षअखेर कंपनीनें सुमारें ४०० जागा सोडण्याचें ठरविलें, आणि २०२१ सालीं तिचें नांव ‘इंडस्ट्रियस’नें विकत घेतलें. केवळ गांठ घालून देणाऱ्याचें उत्पन्न अशा वेळीं आटतें, परंतु रिकाम्या खोल्यांचें भाडें तरी त्याच्या अंगावर येत नाहीं. तें मालकाच्या अंगावर येतें, एवढेंच.

दुसरा धोका पैशांहून भारी आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीं कॅलिफोर्नियांतील ऑरिंडा गांवीं एअरबीएनबीमार्फत घेतलेल्या घरांत शंभरांहून अधिक माणसें मेजवानीला जमलीं. घर घेतांना कुटुंबाच्या मुक्कामाचें कारण दिलेलें होतें. तेथें गोळीबार झाला आणि पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर कंपनीनें अशा ‘मेजवानीच्या घरां’वर बंदी जाहीर केली, २०२० च्या ऑगस्टमध्यें ती जगभर सर्व मेजवान्यांना लागू केली, आणि २०२२ सालीं कायम केली.

समारंभासाठींच जागा देणाऱ्यांना अशी सरसकट बंदी कशी परवडेल? त्यांना माणसें किती, मद्य आहे काय, ध्वनिवर्धक किती वाजेपर्यंत, हें आधींच विचारून ठेवावें लागतें. उत्तरें मात्र भाडेकरूच देतो, आणि शेजाऱ्यांना कोणी विचारीत नाहीं. शिवाय पुष्कळ ठिकाणीं ‘यजमान’ स्वतःच भाडेकरू असतो. मूळ घरमालकाची संमति आहे कीं नाहीं, आणि अपघात झाला तर विमा कोणाचा, हीं दोन कलमें छायाचित्रांत दिसत नाहींत. तीं पैसे भरण्यापूर्वीं करारांत शोधावीं लागतात.