तक्रार अडते कोठे?

(गोंडपिपरी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाचा प्रश्न हा पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांचा प्रश्न आहे, असा समज कार्यकर्त्यांतही आढळतो. निदान गोंडपिपरीत तरी तो असू नये. २६ मार्च १९७२ रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही; सबब तिची संमती होती, असा त्या निकालाचा आशय. त्या मुलीचे नाव कायद्याच्या पुस्तकांतून छापले गेले. येथे ते घेण्याचे कारण नाही.

या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत भेद आहे, हे त्यांनी बजावले. स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. जेथे एकाच्या हाती सत्ता आणि दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, तेथे मौनाचा अर्थ होकार असा लावता येत नाही, हे तत्त्व देशाने या मुलखातील एका निरक्षर मुलीकडून शिकले.

पोलीस ठाण्याच्या बाबतीत विद्यापीठांतील विद्वानांना जे दिसले, ते विद्यापीठांना स्वतःच्या घरात दिसते काय? अध्यापकाच्या हाती दंडुका नसतो. पण प्रात्यक्षिकाचे गुण असतात, अंतर्गत मूल्यमापन असते, संशोधन करणारीच्या प्रबंधावरची सही असते. टोल्यावरून एस. टी.ने येणारी, घरातली पहिलीच महाविद्यालयात पोहोचलेली मुलगी या सत्तेपुढे उभी असते. गावात कुजबूज झाली तर बाप शिक्षणच बंद करील, ही दुसरी भीती तिच्या पाठीशी असते. अशा मुलीला ‘तेव्हाच का बोलली नाहीस?’ असे विचारणारा प्राचार्य देसाईगंजचाच प्रश्न पुन्हा विचारीत असतो.

कायदा नाही, असे मुळीच नाही. राजस्थानातील विशाखा प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तक्रार समित्यांचा दंडक घातला, २०१३ मध्ये संसदेने कायदा केला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी विद्यार्थिनींना त्यात स्पष्ट स्थान दिले. समितीची अध्यक्ष स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, एक सदस्य बाहेरचा असावा, विद्यार्थ्यांचे प्रकरण असल्यास विद्यार्थ्यांचे निवडलेले प्रतिनिधीही असावेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाते, विभागप्रमुख यांनी तीत बसू नये, हे कलम तर फार शहाणपणाचे आहे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी. ती चालू असता आरोपित अध्यापकाने तक्रारदार मुलीचे गुण देऊ नयेत, अशीही सोय आहे.

मग तक्रार अडते कोठे? ती कागदावर येण्याआधीच अडते. लिपिक समजावतो, प्राचार्य संस्थेच्या नावाची आठवण देतो, संस्थाचालक ‘मिटवून घ्या’ म्हणतो. वास्तविक समेट हा केवळ पीडितेने स्वतः मागितला तरच करता येतो, आणि तोही पैसे घेऊन नव्हे. तक्रारीची मुदत साधारणपणे ३ महिन्यांची, कारण पटल्यास आणखी ३ महिने. समजावण्यातच ती मुदत सरली की ‘तक्रार आलीच नाही’ असे अहवालात लिहायला संस्था मोकळी. शून्य तक्रारी हे शिस्तीचे प्रमाणपत्र नव्हे. पुष्कळदा ते भीतीचे मोजमाप असते.

२०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट घडली. परंतु विद्यापीठ जवळ आले म्हणजे न्याय जवळ आला असे होत नाही. तो जवळ आणावा लागतो. कार्यकर्त्यांनी तालुक्यातील प्रत्येक महाविद्यालयात जाऊन समितीच्या सदस्यांची नावे फलकावर आहेत काय, बाहेरची सदस्य संस्थाचालकाच्याच गोतावळ्यातली तर नाही ना, हे पाहावे. वार्षिक अहवाल मागावा. मुलीला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे, हे तिला सांगावे. तिचे नाव सभेत वा पत्रकात कदापि येऊ देऊ नये. आणि आरोपितालाही आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळावी, असा आग्रह धरावा. चौकशीवाचून शिक्षा हा न्याय नव्हे.

शेवटची गोष्ट कटू आहे. संस्थाचालक पुष्कळदा राजकारणातलाच असतो. तो विरोधी पक्षाचा असला की मोर्चा काढणे सोपे. तो स्वपक्षाचा किंवा मित्रपक्षाचा असेल, तेव्हा कार्यकर्ता त्या मुलीबरोबर प्राचार्यांच्या दारापर्यंत जातो की नाही, यावरच त्याच्या समाजवादाची परीक्षा होईल.