हंडा टेकवायला कट्टा

फेब्रुवारीत आमच्या जामनेरच्या बचत गटातल्या सात जणी मुंबईला काळा घोडा कला महोत्सव बघायला गेलो होतो. काय काय आवडलं, ते आज सांगणार आहोत.

अजिंठा आपल्या उशाशी, म्हणून चित्र म्हटलं की आपल्याला लेणीच आठवतात. इथली कामं मात्र आजच्या माणसांची. 1999 पासून हा महोत्सव भरतो, नऊ दिवस चालतो, तिकीट नाही. रस्त्यावरच सगळं मांडलेलं. गर्दी मात्र आपल्या यात्रेसारखी. एकमेकींचा पदर धरूनच फिरलो.

आधी तो घोडा बघितला. तिथे इंग्रज राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा होता, तो 1965 मध्ये हलवला. 2017 मध्ये नवा घोडा बसवला, पण पाठीवर कोणीच नाही. राजा गेला, नाव घोड्याचंच राहिलं! आम्हाला फार हसू आलं.

पुढे वारली चित्रांपाशी मात्र पाय थांबले. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढलेली माणसं, झाडं, तारपा वाजवणारा. वारली लोकांत लग्नाचा चौक भिंतीवर काढायचा मान सवाष्णींचा. पिढ्यान् पिढ्या बायांनीच तो काढला, पण खाली नाव कोणाचं लिहिणार? भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. 1970 नंतर हीच चित्रं कागदावर आली. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माणूस मोठाच. तरी आमच्यातली एक म्हणाली, "आणि त्या सवाष्णी?" आम्ही गप्पच बसलो. आपल्या गोधडीवर तरी कुठे नाव असतं?

सगळ्यात जास्त आवडलं ते काम तिथे नव्हतंच. कला शिकणाऱ्या एका मुलीशी बोलता बोलता पाण्याचा विषय निघाला, तेव्हा तिने मोबाइलवर फोटो दाखवले. नवजोत अल्ताफ या मुंबईच्या कलावंत. छत्तीसगडमधल्या कोंडागावला शांतीबाई, राजकुमार, गेसूराम या तिथल्या कलाकारांबरोबर त्यांनी हापशाभोवतीच्या जागा नव्याने घडवल्या. नाव दिलं 'नळपार'. चिखल नको म्हणून ओटा, सांडपाण्याला वाट, भिंतीवर नक्षी, आणि हंडा टेकवायला जागा. भरलेला हंडा जमिनीवरून एका दमात डोक्यावर घ्यायचा नाही. आधी मधल्या जागी टेकवायचा, मग डोक्यावर. कंबर वाचते.

मैत्रिणींनो, हंडा उचलताना आमच्यातल्या दोघींच्या कमरेत भरलंय, ते आम्ही नशीब म्हणून सोडून दिलं होतं. आणि इथे कोणीतरी बायांचं वाकणं नीट बघून दगड-सिमेंट घडवलं होतं, त्याला कला म्हणत होते. आम्ही तो फोटो चारदा मागून घेतला.

परत आल्यावर आमच्या वस्तीतल्या हापशापाशी गेलो. ओटा आहे, टेकवायला काही नाही. बुटकी, उंच, म्हातारी अशा पाच जणी उभ्या केल्या आणि प्रत्येकीच्या कमरेची उंची सुतळीने मोजून गाठी मारल्या. सुतळी गटाच्या पेटीत ठेवली आहे. अर्जासोबत तीच दाखवणार आहोत. भिंतीवर काय काढायचं, यावर मात्र अजून आमचं एकमत नाही. एकीला मोर हवा, एकीला केळीचा घड.