पाद्री, प्राध्यापक, संपादक



आज तुमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचं प्रकाशन झालं, म्हणून मी एका संपादकाविषयी बोलणार आहे. विल्यम रॉबर्टसन स्मिथ. जन्म १८४६, स्कॉटलंडमधलं कीग हे खेडं. वडील फ्री चर्चचे धर्मोपदेशक. त्यांनीच मुलाला घरी शिकवलं. १८७० मध्ये मुलगाही पाद्री झाला आणि त्याच चर्चच्या ॲबर्डीनमधल्या कॉलेजात हिब्रू शिकवू लागला.

१८७५ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या नवव्या आवृत्तीत त्यांचा ‘बायबल’ हा लेख आला. बायबलमधले मोशेच्या नावावरचे ग्रंथ एकहाती नाहीत, त्यातला पुष्कळ भाग नंतरच्या काळातला आहे, असं त्यांनी मांडलं. जर्मन विद्यापीठांत हे नवं नव्हतं. पण आपल्याच पाद्र्यानं ते लिहावं, हे चर्चला सोसेना. पाखंडाचा खटला वर्षानुवर्षं चालला. १८८० मध्ये समज देऊन सोडलं, तोच हिब्रू भाषेवरचा त्यांचा लेख छापून आला. १८८१ मध्ये प्राध्यापकपद गेलं.

ज्या कोशातल्या लेखांपायी नोकरी गेली, त्याच कोशानं त्यांना संपादक केलं. त्यांनी श्रद्धाही सोडली नाही आणि अभ्यासही. मला या माणसाविषयी खरा आदर वाटतो तो इथे. केंब्रिजमध्ये अरबी शिकवत, विद्यापीठाचं ग्रंथालय सांभाळत त्यांनी कोशाचं काम केलं. १८८८ मध्ये २४ खंड पुरे झाले.

केंब्रिजलाच त्यांना जेम्स फ्रेझर भेटले. तरुण, ग्रीक-लॅटिनचे अभ्यासक. स्मिथ यांनी त्यांना ‘टॅबू’ आणि ‘टोटेमिझम’ हे लेख लिहायला दिले. टोटेम म्हणजे कुळाचं एखाद्या प्राण्याशी वा झाडाशी मानलेलं नातं. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात, ते आठवा. टोटेमिझमवरचा मजकूर इतका वाढला की १८८७ मध्ये त्याचं वेगळं पुस्तक झालं. १८९० मध्ये फ्रेझर यांचा ‘द गोल्डन बाउ’ हा ग्रंथ आला, स्मिथ यांना अर्पण केलेला. १८९४ मध्ये क्षयानं स्मिथ गेले तेव्हा ते अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते.

तुमच्या संपादक मंडळाला माझी विनंती आहे. पुढच्या अंकातला सर्वांत अवघड विषय पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला द्या. लेख ठरल्यापेक्षा लांबला, तर कात्री लावण्याआधी तो दोनदा वाचा.