तक्रार आपली, गटारात कोण?

(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



माझ्या आधीच्या वक्त्यानं क्रांतीवर तासभर घेतला. मला गटारावर बोलायचंय.

चेंबर तुंबलं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी पहिल्यांदा खालच्या घरांत शिरतं. मग पोरं आजारी पडतात. मग कुणीतरी म्हणतं, अरे तक्रार करा. पूर्वी त्यासाठी कामाचा खाडा करून वॉर्ड ऑफिसच्या बाकड्यावर बसावं लागायचं. आता मोबाईलवर फोटो टाकायचा, नंबर मिळतो. आमच्या गल्लीनं टाकला. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' मेसेज वाचला तेव्हा मी त्याच पाण्यात विटेवर उभा होतो, विठोबासारखा.

कागद आणि पाणी यांच्यातलं अंतर आपल्याला नवं नाही. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. पाणी ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांबरोबर माणसं चालत तळ्यावर गेली तेव्हा. आणि त्याच वर्षी नगरपालिकेनं ठराव मागेही घेतला.

सरकारी भाषेत ज्याची तक्रार करायची त्याला 'उपद्रव' म्हणतात. न्यूसन्स. हा शब्द नीट उलटा करून बघा. टॉवरवाला अर्ज करतो तेव्हा उपद्रव म्हणजे आपण. आपली झोपडी, आपली हातगाडी, भिंतीच्या कडेला बसणारं आपलं माणूस. आपण अर्ज करतो तेव्हा उपद्रव म्हणजे घरात शिरलेलं घाण पाणी. दोन्ही अर्ज एकाच खिडकीवर जातात. पहिल्यासाठी गाडी येते, पोलीस घेऊन. दुसऱ्यासाठी मेसेज येतो.

रतलामची गोष्ट सांगतो, मध्य प्रदेशातली. ती कोर्टाच्या निकालात लिहिलेली आहे, म्हणून कुणी खोटी म्हणू शकत नाही. तिथल्या न्यू रोडच्या रहिवाशांनी नगरपालिकेविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली. उघडी गटारं, दारूच्या कारखान्याचं रस्त्यावर येणारं घाणेरडं पाणी, आणि रस्त्याकडेला बसणारे झोपडपट्टीतले लोक. बघा, कारखान्याचं पाणी आणि गरीब माणूस एकाच यादीत. मॅजिस्ट्रेटनं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली हुकूम काढला: सहा महिन्यांत योजना करा, घाण हटवा. नगरपालिका थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडत गेली. म्हणणं काय, तर पैसा नाही. भांडायला मात्र होता.

१९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. पैसा नाही ही सबब चालणार नाही. आणि उघड्यावर बसणाऱ्यांना हाकला असं ते म्हणाले नाहीत. सहा महिन्यांत बायांचे आणि पुरुषांचे वेगवेगळे पुरेसे संडास बांधा, पाणी द्या, असा हुकूम दिला. मला हा निकाल आवडतो. तक्रार माणसाची होती, कोर्टानं उपद्रव शोधला तो नसलेल्या संडासात. १ जुलै २०२४ पासून हे कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ क्रमांकानं आलंय. नंबर पाठ करून ठेवा.

पण त्याच हुकमात आणखी एक गोष्ट आहे. सकाळ-संध्याकाळ सफाईची सेवा द्या. ठीक. त्या सेवेतला झाडू कुणाच्या हातात असणार? ते निकालात लिहिलेलं नाही. लिहायची गरज कुणाला वाटणार?

आमच्या गल्लीनं पुन्हा तक्रार केली, तेव्हा मशीन नाही आलं. माणूस आला. कंत्राटदाराचा. कमरेला दोर, अंगात चड्डी, वय माझ्या धाकट्या भावाएवढं. मी त्याला आडनाव विचारलं नाही. झाकण काढलं तसा वास असा आला की चार माणसं मागं सरली. तो पुढं सरकला. तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोन बाया झाकणाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ह्याला उतरवायचा नाही. मुकादम चिडला, तक्रार तुम्हीच केली ना? एक म्हणाली, गटाराची केली, ह्याच्या जिवाची नाही केली.

त्या दिवशी काम झालं नाही. आमच्यात भांडण लागलं. खालच्या घरवाल्यांच्या घरात अजून पाणी होतं, पोरगी तापात होती. त्यांचा राग खोटा नव्हता. दोन दिवस असेच गेले, मग सक्शनची गाडी आली. म्हणजे गाडी होती. पहिल्यापासून होती.

गटारात माणूस उतरवून धोक्याची सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे. कलम ७. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं. २०२३ ला तीस लाख केले. मेल्यावरचा भाव वाढला. मरण्याआधीचा काय, हे त्या दोरवाल्या पोराला विचारा.

म्हणून आता तक्रार कशी करायची ते बोलू. एकट्यानं करायची नाही. एकट्याचं नाव ऑफिसात बरोबर लक्षात राहतं, आणि चार दिवसांनी त्याच्या घराचा पोटमाळा बेकायदा असल्याचंही त्यांना आठवतं. चाळीस सह्या असल्या की कुणाकुणाचा पोटमाळा आठवणार? मोबाईलवर टाका, जरूर टाका, पण कागदही द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. 'निकाली' आलं की माहिती अधिकारात अर्ज टाका: कोण आलं होतं, कोणत्या तारखेला, कंत्राटदाराला किती बिल दिलं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. न झालेल्या कामाचं बिल सापडलं, तर ते घेऊन माझ्याकडे या, आपण चहा पिऊ आणि पुढचा अर्ज लिहू.

आणि प्रत्येक अर्जात एक ओळ आपली: माणूस उतरवू नये, काम यंत्रानं करावं, सफाई कामगार हजर असेल तर त्याला बूट-हातमोजे असावेत.

नाक्यावरच्या चेंबरचा अर्ज मी लिहून आणलाय. सोमवारी अकरा वाजता द्यायचा आहे. दाराशी पेन ठेवलंय, सह्या करून जा. अंगठाही चालेल. आणि सोमवारी कुणाकुणाला सुट्टी टाकता येते, ते आत्ताच हात वर करून सांगा.