'रिसेटलमेंट' आणि 'रिहॅबिलिटेशन'



भीमेवरील उजनी धरण 1980 सालीं पुरें झालें, आणि यशवंतसागराच्या पाण्याखालीं नदीकांठचीं कित्येक गांवें गेलीं. पाणी फार ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ आजहि दृष्टीस पडतें. या कांठच्या लोकांच्या तोंडीं 'पुनर्वसन' हा शब्द नित्याचा आहे. इंग्रजींत मात्र त्याच्या जागीं दोन शब्द आहेत. त्यांतील भेद आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

पहिला शब्द 'रिसेटलमेंट'. यांतील 'सेटल'चें मूळ जुन्या इंग्रजींतील आसनवाचक शब्दांत आहे. उठविलेल्या माणसास पुन्हां बसावयास जागा देणें, एवढाच त्याचा आवांका. दुसरा 'रिहॅबिलिटेशन'. तो लॅटिन 'हाबिलिस', म्हणजे समर्थ, योग्य, यावरून आला. पदाला वा हक्काला मुकलेल्यास पूर्वीची प्रतिष्ठा परत देणें, हा त्याचा जुना अर्थ. पुढें, पाय गमावलेल्या रुग्णास पुन्हां चालतें करणें यालाहि हाच शब्द लागला. तेथें 'रिसेटलमेंट' कोणी म्हणणार नाहीं.

महाराष्ट्राच्या 1976 च्या कायद्याच्या इंग्रजी नांवांत पहिला शब्द होता. 1986 च्या कायद्याच्या नांवांत दुसरा आला. केंद्राच्या 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या नांवांत तर दोन्ही शेजारीं उभे आहेत. अर्थ एकच असता, तर दोन शब्दांचें प्रयोजन काय?

आपला 'पुनर्वसन' शब्द 'वस्', म्हणजे राहणें, या धातूचा. अक्षरार्थानें तो पहिल्याच शब्दाचा सोबती. परंतु दुसऱ्याचेंहि ओझें आपण त्याच्यावरच टाकलें आहे. म्हणूनच अधिकारी "पुनर्वसन झालें" म्हणतो, आणि म्हातारा शेतकरी "अजून नाहीं" म्हणतो, तेव्हां दोघेहि आपापल्या अर्थानें खरें बोलत असतात. एक भूखंड मोजतो. दुसरा गेलेली काळी जमीन, तुटलेला शेजार आणि गांवांतील आपला मान मोजतो.

हा भेद उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत उत्तम दिसतो. पुत्रानें चाकरांत जागा मागण्याचें योजिलें होतें. तें झालें असतें 'रिसेटलमेंट'. पित्यानें मात्र झगा, अंगठी व जोडे देऊन त्यास पुन्हां पुत्रपद दिलें, तें 'रिहॅबिलिटेशन'.

तेव्हां बंधुभगिनींनो, 'पुनर्वसन' हा शब्द कोठेंहि कानीं आला, तर एवढेंच विचारावें: माणसास जागा मिळाली, कीं त्याची पूर्वीची योग्यताहि परत मिळाली?